युद्धाचे खेळ आणि आवडीचा काळ

मुलें संगणकावर युद्धाचे खेळ खेळतात, ही हल्लीं बहुतेक घरांतील वडीलधाऱ्यांची तक्रार असते. तक्रार करण्यापूर्वीं मुलें कोणत्या काळचें युद्ध खेळतात, हें एकदां शेजारीं बसून पाहावें, असें मला वाटतें. आवडीचा पदार्थ पाहून वैद्य प्रकृति ओळखतो. त्याचप्रमाणें आवडीचा काळ पाहून खेळणाराच्या मनाचा कल पुष्कळसा ओळखतां येतो.

आमचें घर बार्शीटाकळीस. कुटुंब एकत्र, संगणक एकच, आणि तोहि मधल्या खोलींत सर्वांच्या देखत ठेविलेला. खेळणारे तिघे: थोरला नातू, धाकटा नातू आणि फौजेंतील नोकरी पुरी करून घरीं आलेला माझा पुतण्या. तिघांसहि युद्धाचेच खेळ आवडतात. परंतु एकाचें युद्ध दुसऱ्यास रुचत नाहीं. थोरल्यास अठराव्या शतकांतील तोफा व घोडदळ हवें, धाकट्यास इ. स. १९४४ मधील नॉर्मंडीचे रणगाडे हवेत. आणि पुतण्यास रोम व कार्थेज यांच्या ढाली-भाल्यांवांचून करमत नाहीं. एका पंक्तीस बसून एकच वरणभात जेवणाऱ्या तिघांनीं तीन निरनिराळे काळ कां निवडावे, याचा येथें थोडा विचार करूं.

प्रथम एक खुलासा करणें अवश्य आहे. बंदूक हातांत घेऊन समोर दिसेल त्यास गोळी घालावयाची, अशा खेळांविषयीं मी बोलत नाहीं. मी म्हणतों ते सेनापतीचे खेळ. त्यांत जमीन पाहावयाची, पलटणी मांडावयाच्या, हुकूम द्यावयाचे, आणि परिणाम भोगावयाचा. या जातीचा खेळ आपणांस नवा नाहीं. हत्ती, घोडा, रथ आणि पायदळ हीं सेनेचीं चार अंगें पटावर मांडण्याची कल्पना याच भूमींतील. बाणभट्टानें सातव्या शतकांत हर्षचरितांत अष्टापद पटावरील चतुरंगाचा उल्लेख श्लेषानें केला आहे. पुढें प्रशियांत रायस्विट्झ नांवाच्या लेफ्टनंटानें १८२४ सालीं लष्करी अधिकाऱ्यांसाठीं नकाशावरील युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले. एच. जी. वेल्स या इंग्रज कादंबरीकारानें १९१३ सालीं खेळण्यांतील शिपायांच्या लढाईचे नियम सांगणारें पुस्तक लिहिलें. अमेरिकेंत १९५८ सालीं गेटिसबर्गच्या लढाईचा पट दुकानांत विक्रीस आला. संगणकानें या सर्वांत नवें असें एवढेंच केलें, कीं हिशेबाचें ओझें आपल्या माथ्यावर घेतलें आणि रणभूमि डोळ्यांपुढें उभी केली.

बुद्धिबळास काळ नाहीं. तेथील प्यादें थकत नाहीं, भीत नाहीं, त्याची दारू भिजत नाहीं. ज्या क्षणीं खेळांत खरें शस्त्र, खरी जमीन आणि खरा शिपाई येतो, त्या क्षणीं काळ येतो. आणि काळ आला कीं प्रत्येक काळाचा प्रश्न निराळा असतो.

पुतण्याचा खेळ घ्या. फील्ड ऑफ ग्लोरी या नांवाच्या खेळाचा दुसरा भाग २०१७ सालीं निघाला. त्यांत तो रोमन सेना मांडतो. या काळच्या लढाईंत दोन फळ्या एकदां भिडल्या, कीं त्यांतून एखादी तुकडी मनास येईल तेव्हां मागें काढतां येत नाहीं. सेनापतीची सारी बुद्धि भिडण्यापूर्वीं खर्च व्हावयाची. इ. स. पूर्व २१६ मध्यें कॅनी येथें हानिबालनें आपली मधली फळी मुद्दाम पुढें व दुबळी ठेविली. रोमन तिच्यावर तुटून पडले, ती मागें हटत गेली, आणि दोन्ही बाजूंनीं ते वेढले गेले. तो जय सकाळच्या मांडणींतच होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचें दहावें अधिकरण सांग्रामिक म्हणून आहे. त्यांत कोणती जमीन पायदळास योग्य, कोणती रथास, कोणती हत्तीस, हें सांगून पुढें दंड, भोग, मंडल व असंहत असे व्यूह दिले आहेत. संथपणें विचार करून एकदांच निर्णय घेणें ज्याच्या स्वभावास मानवतें, त्यास हा काळ गोड लागतो. पुतण्या तसाच आहे. बाजारांत भाजी घेतांनाहि तो दोनदां भाव विचारीत नाहीं.

थोरल्याच्या अठराव्या शतकांत प्रश्न तोलाचा आहे. घोडदळ चालून आलें तर पायदळानें संगिनी रोखून चौकोन करावा. चौकोन केला कीं दाटीनें उभे राहिलेले शिपाई तोफेच्या तोंडीं सांपडतात. आणि तोफखाना एकटा राहिला तर त्यावर घोडदळ पडतें. प्रत्येक बलास दुसरें बल उतारा आहे. शिवाय धुराच्या पडद्याखेरीज बहुतेक रणभूमि एका नजरेंत येते. निशाणें, पोषाख, रांगा, सारें दिसतें. वादविवादांत ज्याला रस, उत्तरास प्रत्युत्तर देण्यांत ज्याला आनंद, त्याचें मन या काळांत रमतें. आमचा थोरला महाविद्यालयाच्या वक्तृत्वस्पर्धेंतून रिकाम्या हातानें क्वचित् परत येतो, हें सांगितलें म्हणजे पुरे.

धाकट्याचा खेळ याच्या उलट. कॉम्बॅट मिशन नांवाच्या त्याच्या खेळाचा पहिला भाग २००० सालचा. त्यांत शत्रु दिसतच नाहीं. कुंपणाआड कांहीं हललें, कोठून तरी गोळी आली, एवढ्यावरून तर्क करावयाचा. दोन्ही पक्षांनीं हुकूम देऊन ठेवावयाचे, आणि मग एक मिनिटभर जें घडेल तें हात बांधून पाहावयाचें. मध्येंच हुकूम फिरवितां येत नाहीं. हा शोधाचा काळ आहे. विहिरीवरील मोटर बंद पडली तर दोष तारेंत आहे कीं पाण्यांत, हें आवाजावरून ओळखूं पाहणारा मुलगा त्यांत गुंगून जातो, यांत नवल तें काय?

कोणी म्हणेल, मुलांनीं चित्रपट पाहिला, एखादी ऐतिहासिक कादंबरी वाचली, आणि तो काळ आवडूं लागला. याहून खोल जाण्याचें कारण नाहीं. चित्रपटानें आवड उत्पन्न होते हें खरें. पण ती टिकते तेव्हां त्या काळाचा प्रश्न मनास जुळलेला असतो. आमच्या थोरल्यानें रणगाड्यांचेहि चित्रपट पाहिले. पण तो खेळ त्यानें चार दिवसांत सोडला.

तथापि स्वभाव हें एकच कारण नव्हे. दुसरें कारण अधिक नाजूक आहे, आणि तें म्हणजे दुःखापासूनचें अंतर. पुतण्यानें आयुष्याचीं उमेदीचीं वर्षें सरहद्दीवर काढलीं. हल्लींच्या काळच्या युद्धाचे खेळ पुष्कळ आहेत. धाकट्यानें ते त्याच्यापुढें आणूनहि ठेविले. त्यानें ते उघडले नाहींत. एकदां मीं कारण विचारलें, तेव्हां तो म्हणाला, "काका, त्यांत वाट पाहणं नसतं. आम्ही बहुतेक वाटच पाहत होतों." याहून अधिक तो बोलला नाहीं, आणि मींहि विचारलें नाहीं. कॅनीच्या रणांत पडलेल्यांसाठीं आज कोणाच्या घरीं कोणी डोळे पुसत नाहीं. म्हणून तेथें त्याची बुद्धि मोकळेपणीं चालते. जवळच्या युद्धांत ती तशी चालणार नाहीं, हें त्यास ठाऊक आहे.

थोरल्याची गोष्ट नेमकी उलटी. त्यास दुःखाजवळच जावयाचें आहे. एम्पायर : टोटल वॉर हा खेळ २००९ सालीं निघाला. त्याचा आरंभ इ. स. १७०० पासून होतो, आणि त्यांत खेळणारास मराठ्यांचें राज्य आपल्याकडे घेतां येतें. परदेशांत केलेल्या खेळांत आपला भगवा फडकतांना पाहून कोणत्याहि मराठी मुलास भरतें येईल. थोरला त्यांत स्वतःच्या हातानें पानिपतची मांडणी करितो, अब्दालीच्या जागीं मोगल फौज उभी करितो, आणि रात्रीं जेवतांना सांगतो, "आजोबा, आज पानिपत आपण जिंकलों." घरांतील सर्वांस बरें वाटतें. मलाहि वाटतें. पण त्या जिंकण्यांत काय गाळलें गेलें, हें पाहिल्याविना राहवत नाहीं.

खेळ सुरू होतो तो दोन्ही सैन्यें समोरासमोर उभीं राहिल्यावर. पानिपतची हार १४ जानेवारी १७६१ रोजीं रणांत झाली खरी. पण तिचीं मुळें त्यापूर्वींच्या अडीच महिन्यांत आहेत. डिसेंबर १७६० मध्यें गोविंदपंत बुंदेले मारले गेले, रसद तुटली, आणि लाखों माणसें व जनावरें उपासमारीस लागलीं. भाऊसाहेबांनीं त्या सकाळीं रणांत नेलें तें भुकेलेलें सैन्य होतें. थोरल्याचें सैन्य मात्र रोज पोटभर जेवून उभें राहतें.

दुसरें असें कीं, पानिपतच्या वेळीं एक मोठा वाद होता. गनिमी काव्यानें लढावें, कीं इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पायदळाच्या व तोफखान्याच्या आधारानें गोल बांधून लढावें? मल्हारराव होळकरांचा कल पहिल्या मार्गाकडे होता. आतां खेळाकडे पाहा. खेळाच्या मैदानास कांठ असतो. त्यापलीकडे जातां येत नाहीं. गनिमी काव्याचें तर सारें मर्मच कांठापलीकडे आहे. शत्रूस हवी असलेली लढाई त्यास न देणें, त्याची वैरण जाळणें, त्याच्या पाठीमागें जाऊन रसद मारणें, हेंच तें शास्त्र. कांठ असलेल्या मैदानांत इब्राहिमखानाचें म्हणणेंच नेहमीं खरें ठरतें. मल्हाररावांस तेथें बोलावयास जागाच नाहीं. शिवछत्रपतींच्या काळाचा खेळ मांडूं गेल्यास ही अडचण दसपट होईल, कारण त्यांच्या कर्तबगारीचा मोठा भाग फळी बांधून लढण्याचा प्रसंग टाळण्यांत होता. आपला काळ खेळतां खेळतां मुलें दुसऱ्याचीच रणनीति शिकतात, याची जाणीव त्यांस कोणी तरी करून दिली पाहिजे.

आमच्या घरीं ती नातीनें करून दिली. ती अकोल्यास शेतकीचें शिक्षण घेते. थोरल्याच्या खांद्यावरून पाहत ती सहज म्हणाली, "अरे, ह्या तोफा ओढणाऱ्या जनावरांना कडबा कोण घालतं?" त्यास उत्तर देतां आलें नाहीं. त्या काळीं आपल्याकडे जड तोफा बहुधा बैल ओढीत. आणि बैल चालेल तेवढीच फौज चालणार, हें गणित वऱ्हाडांतल्या मुलीस समजावून सांगावें लागत नाहीं.

येथेंच मला आमच्या जिल्ह्यांतील एक रण आठवतें. अकोल्याच्या उत्तरेस तेल्हारा तालुक्यांत अडगांव आहे. तेथें २९ नोव्हेंबर १८०३ रोजीं नागपूरकर भोसल्यांचें सैन्य, व्यंकोजी भोसल्यांच्या हाताखालीं, शिंद्यांच्या घोडदळासह जनरल वेल्स्लीशीं लढलें. हाच वेल्स्ली पुढें ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ सालीं त्यानें वॉटर्लू येथें नेपोलियनास हरविलें. अडगांवीं दिवस उतरणीस लागल्यावर लढाई जुंपली. भोसल्यांच्या तोफांचा पहिला भडिमार होतांच वेल्स्लीच्या तीन देशी पलटणी फुटून पळूं लागल्या. दोनच महिन्यांपूर्वीं, २३ सप्टेंबर रोजीं, असईच्या भयंकर आगींत याच शिपायांनीं मर्दुमकी गाजविली होती. वेल्स्ली जवळ होता. त्यानें त्यांस माराबाहेर नेऊन पुन्हा उभें केलें, आणि मग लढाई जिंकली. आपण तेथें नसतों तर दिवस हातचा गेला असता, असें त्यानेंच लिहून ठेविलें. तीच माणसें एके दिवशीं सिंह आणि दुसरे दिवशीं ससे कां होतात, हा प्रश्न कोणत्याहि काळच्या सेनापतीस चुकलेला नाहीं.

पुढें १५ डिसेंबरास गाविलगड पडला. १७ डिसेंबरास देवगांवचा तह झाला. आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडील आपला हा मुलूख भोसल्यांच्या हातून जाऊन निजामाकडे गेला. तेथून १८५३ सालीं तो कंपनीच्या कारभाराखालीं आला. वऱ्हाडची पुढची दीडशें वर्षें त्या संध्याकाळनें ठरविलीं. असें असतां आमच्या मुलांस वॉटर्लूच्या टेकड्यांचीं नांवें पाठ आहेत, आणि अडगांवावरून एस. टी. गेली तरी तीं खिडकीबाहेर पाहत नाहींत.

याचें कारण मला असें दिसतें. पानिपतच्या हारींत गौरव आहे. ती पुन्हा पुन्हा खेळून जिंकावीशी वाटते. अडगांवच्या हारींत तसा गौरव नाहीं; तेथें नुसता तोटा आहे. आणि कॅनीप्रमाणें ती इतकी दूरहि नाहीं, कीं मन अलिप्त राहील. म्हणजे माणूस काळ निवडतो तो आपल्या बुद्धीस मानवणारा आणि आपल्या मनास सोसणारा. यांत दोष नाहीं. पण केवळ सोसणारेंच खेळत राहिलों, तर करमणूक होते, समज वाढत नाहीं. जो काळ थोडा बोंचतो तोहि कधीं मांडावा, आणि त्यांत एकदां तरी प्रतिपक्षाच्या जागीं बसावें.

म्हणून वडीलधाऱ्यांस माझें सांगणें एवढेंच, कीं हा खेळ सरसकट बंद करूं नये. वेळेची मर्यादा अवश्य घालावी, आणि डाव संपल्यावर जवळ बसून विचारावें: सैन्य काय खाऊन लढलें? शत्रूच्या जागीं तूं असतास तर काय केलें असतेंस? आणि लढाई संपल्यावर त्या मुलखांतील कुणब्याचें काय झालें? या तीन प्रश्नांचीं उत्तरें पडद्यावर मिळत नाहींत. त्यांसाठीं पुस्तक उघडावें लागतें.

यंदा दिवाळीच्या सुटींत थोरल्यानें अडगांवची मांडणी केली. वेल्स्लीची बाजू त्यानें धाकट्यास दिली आणि भोसल्यांची स्वतः घेतली. दुसऱ्या डावास बाजू बदलल्या. दोन्ही डाव तो हरला. एरवीं हरल्यावर तो संगणक बंद करून उठतो. या वेळीं त्यानें कपाटांतून जिल्ह्याचा नकाशा काढला, आणि अडगांवाहून गाविलगडास तोफा कोणत्या वाटेनें नेल्या असतील, हें तो नातीस विचारूं लागला.