बल्लारपूर ते भामरागड

बल्लारपूरच्या लाकूड आगारात सागाच्या ओंडक्यांच्या थप्प्या लागलेल्या असतात. प्रत्येकाच्या कापलेल्या तोंडावर रंगाने टाकलेला नंबर. पावसात भिजलं की ते तोंड आणखी तांबूस दिसतं. दिल्लीचं नवं संसद भवन आणि अयोध्येचं राममंदिर, दोन्हींसाठी इथून साग गेला. हा साग ज्या जंगलांतून येतो, त्यांतल्या आलापल्लीच्या वाटेने मी ऐन पावसाळ्यात भामरागडला निघालो.

नकाशावर पट्टी ठेवली तर बल्लारपूर ते भामरागड साधारण 140 किलोमीटर. हेलिकॉप्टरला पाऊण तास पुरे. या भागात ते उडतंही: निवडणुकीत मतदान पथकं पोचवायला, चकमकीत जखमी झालेल्या जवानांना नागपूरला न्यायला. बाकी सगळ्यांना एसटी. कोठारी, गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली अशा रस्त्याने पंचवीस-तीस किलोमीटर वाढतात आणि अख्खा दिवस जातो.

आष्टीला वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा. 1982 पर्यंत हा सगळा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यातच होता. भामरागडच्या माणसाला जिल्हा कचेरीतल्या कामासाठी चंद्रपूर गाठावं लागे. पुढे सूरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक, पाण्याने भरलेले खड्डे आणि रखडत चाललेली आमची गाडी.

आलापल्लीला गाडी बदलली. औषधांची पिशवी पोटाशी धरलेल्या एका बाईने तिकीट काढायच्या आधी कंडक्टरला विचारलं, "भाऊ, पर्लकोटाच्या पुलावर पानी हाये काय?"

"सकाळी पुलाखाली होतं जी. आताचं नाही सांगता येत."

ती तरीही चढली.

पुढचे 65 किलोमीटर जंगलाचे. 'ग्लोरी ऑफ आलापल्ली'च्या राखीव तुकड्यातले जुने सागवान पाहताना मान दुखून येते. मग पेरमिली, ताडगाव, हेमलकसा. बाबा आमट्यांनी 1973 साली इथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांच्या दवाखान्यात छत्तीसगडातूनही रोगी पायी येत.

हेमलकशानंतर लगेच पर्लकोटा नदी. जुना पूल फार ठेंगणा. इंद्रावती फुगली की पर्लकोटाला पुढे वाट मिळत नाही, पाणी मागे तुंबतं, पूल बुडतो आणि भामरागडच्या बाजारपेठेत नदी शिरते. त्या दिवशी पाणी पुलाच्या हातभर खाली होतं. गाडी पलीकडे गेली. माझ्या मते या तालुक्याचं अंतर किलोमीटरमध्ये सांगणं फसवं आहे. पुलाची उंची आधी सांगावी.

बाजारातल्या एका दुकानदाराकडे चहा घेतला. मीठ, तेल, तांदूळ तो पावसाळ्याआधीच भरतो आणि पाणी चढू लागलं की माल माळ्यावर टाकतो.

"आणि घरात कोणी आजारी पडलं तर?" मी विचारलं.

"मागं सुनेची तारीख पावसाळ्यातली होती जी. उन्हाळा सरायच्या आत तिले आलापल्लीले, माझ्या बहिणीकडे नेऊन ठेवलं."