पाळणा आणि पाल

दिवसभर मुलांना मनोरंजन उद्यानात हिंडवायचे आणि रात्री एखाद्या जलाशयाकाठी तंबूत मुक्काम करायचा, ही मुंबई-पुण्याच्या कुटुंबांत अलीकडे रुळलेली सहल दिसायला नवी असली, तरी तिची घडण महाराष्ट्रातील जत्रांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. नांदेड जिल्ह्यातील माळेगावी खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात भरते, घोडे, उंट आणि गाढवे यांचा मोठा बाजार तिथे लागतो, तमाशाचे फड उभे राहतात. अशा यात्रांना दुरून येणारी कुटुंबे पालात, म्हणजे काठ्यांवर कापड ताणून केलेल्या तात्पुरत्या निवाऱ्यात, उतरत, तीन दगडांच्या चुलीवर भाकरी भाजत आणि दिवस कलला की लेकरांना पाळण्यात बसवत. पोटात गोळा आणणारा पाळणा आणि निवांत पाल ही दोन्ही एकाच माळावर असत, आणि तो उत्सव पूर्ण वाटे तो या दोहोंच्या सोबतीमुळे.

तिकिटाच्या उद्यानाने ही सोबत तोडली. 1989 साली मुंबईच्या गोराई भागात एस्सेलवर्ल्ड सुरू झाले तेव्हा माणसे सकाळी बोटीने खाडी ओलांडून जात आणि दिवेलागणीला परत फिरत. थरार दिवसापुरता होता, मुक्काम आपापल्या घरी. परदेशात मात्र काही ठिकाणी ही गाठ सुटली नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात 1926 पासून चालत आलेल्या कनोबल्स उद्यानात आजही प्रवेशशुल्क नाही, पैसे पडतात ते प्रत्येक पाळण्याचे, आणि झाडीतल्या त्या उद्यानाला लागूनच तंबूंची जागा आहे. आपल्या जत्रेचा माळ ज्याने पाहिला आहे, त्याला ही व्यवस्था परकी वाटणार नाही.

महाराष्ट्रात ही गाठ पुन्हा बांधली गेली ती घाटाच्या दोन अंगांना. खालापूर तालुक्यात, खोपोलीजवळ 2013 साली इमॅजिका उघडले, आणि तेथून बोरघाट चढून लोणावळ्यापलीकडे गेले की मावळात पवना धरणाचा जलाशय लागतो, ज्याच्या काठी तंबूंचे तळ पडतात आणि आसपास लोहगड, तिकोना आणि तुंग हे किल्ले उभे आहेत. उद्यानातील रोलरकोस्टरचे, म्हणजे रुळांवरून चढउतार करत धावणाऱ्या गाडीचे, सारे बळ पहिल्या चढणीत साठवलेले असते. साखळीने वर ओढलेली गाडी एकदा सोडून दिली की पुढचा वेग तिला गुरुत्वाकर्षणच देते. कानाच्या आतल्या भागात अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्यांतील द्रव डोके वळताच मागे रेंगाळतो आणि वळण मेंदूला कळवतो, तर त्यांच्याशेजारची सूक्ष्म स्फटिकांची इंद्रिये चढण, उतार आणि वेगातील बदल टिपतात. एका दिवसात या इंद्रियांवर जेवढा मारा होतो तेवढा एरवी महिनोन्‌महिने होत नसेल. म्हणूनच अशा दिवसानंतर मुलाला लगेच गाडीत कोंबून घरी आणणे हा त्या आनंदावर अन्याय आहे, कारण भोगलेला थरार सांगायला, अतिशयोक्ती करायला आणि आजीकडून पुन्हापुन्हा विचारून घ्यायला मोकळी रात्र लागते.

ती रात्र तंबू देतो, पण एका अटीवर. उजेडातून अंधारात आलेला डोळा पुरता सरावण्यास साधारण अर्धा तास घेतो, कारण मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशींतील, उजेडाने विरलेले रंगद्रव्य सावकाश पुन्हा तयार होते. एवढा धीर धरला तर तुंगाचा सुळका आकाशापासून वेगळा होऊ लागतो आणि पाऊस तोंडावर आला असताना सह्याद्रीच्या झाडांवर काजवे दिसतात. काजव्यांचे लुकलुकणे म्हणजे नराने मादीला घातलेली साद असते, आणि प्रखर दिव्यांपुढे ती मादीपर्यंत पोहोचत नाही. अनेक तळांवर मात्र तंबूंच्या रांगेसमोर झगझगीत दिवे आणि मोठे ध्वनिक्षेपक मध्यरात्रीपर्यंत चालू असतात, म्हणजे ज्या गोंगाटातून मूल नुकतेच बाहेर आले, तोच त्याला पुन्हा विकला जातो, तोही निकृष्ट प्रतीचा. हा सहलीतला किरकोळ दोष नव्हे. त्याने दोन्ही अनुभवांची गोडी जाते.

शिवाय हा जलाशय कोणी सजावटीसाठी केलेला नाही. धरणाच्या पाण्याखाली मावळातील शेते गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की वाघेश्वराचे जुने मंदिर उघडे पडते. आणि पाहुण्यांच्या ताटात पिठले-भाकरी वाढणारे हात पुष्कळदा काठावरच्या गावांतलेच असतात. मुलांना दिवसा पाळण्याचे यंत्र जसे कुतूहलाने दाखवावे, तसेच रात्री हे पाणी कोठून आले आणि त्यासाठी कोणाचे काय गेले, तेही सांगावे. या वयात ऐकलेले त्यांना पुढे आठवते.

तेव्हा अशी सहल आखणाऱ्यांनी उद्यान आधी आणि तंबू नंतर हा क्रम ठेवावा, दुसऱ्या दिवशी सकाळी निघण्याची घाई करू नये, आणि तळाची जागा ठरवतानाच तेथे रात्री दिवे मंद होतात का व ध्वनिक्षेपक बंद असतो का, हे विचारून घ्यावे. उत्तर नाही असे आले, तर दुसरी जागा शोधावी.