तुटणारा धागा

नायलॉनचा धागा तिसऱ्यांदा तुटला तेव्हा रसायनशास्त्राच्या बाईंनी बाटलीला दोष दिला. सेबॅकॉइल क्लोराइड दमट हवेने बिघडले असेल. नवी बाटली उघडली, तरी धागा तुटलाच. मग त्यांचे लक्ष चिमट्याकडे गेले. उजवा हात थरथरत होता.

दोन द्रावणांच्या सीमेवरून नायलॉन ओढण्याचा हा प्रयोग पॉल मॉर्गन आणि स्टेफनी क्वोलेक यांनी १९५९ साली शिक्षकांसाठी लिहिला. याच क्वोलेकनी पुढे केव्हलार शोधले. खाली डायअमाइनचे पाणी, वर सेबॅकॉइल क्लोराइड विरघळवलेल्या हेक्झेनचा थर आणि दोहोंच्या सीमेवर सायीसारखा पापुद्रा. तो मधोमध उचलायचा. हिसका बसला की तुटतो, रेंगाळले की जाड होऊन गोळा होतो. त्यात हा धागा भरीव नसतो; पापुद्र्याचीच मिटलेली नळी, पोटात द्रावण घेऊन वर येते. खालचा नवा पापुद्रा धरेपर्यंत किती थांबायचे, हे बाईंना वर्षानुवर्षे फक्त बोटांनी कळत होते.

इतर प्रयोगांत, दुधातल्या केसिनचे बटण मुले स्वतः करत. पीव्हीए-बोरॅक्सचा गोळाही तीच ताणून बघत: सावकाश ओढला तर लांबतो, झटक्याने ओढला तर तुटतो. नायलॉनचा चिमटा मात्र बाईंनी कुणाला दिला नाही. कारण सुरक्षेचे सांगत. खरे कारण टाळ्यांचे होते. धागा टेबलापलीकडे गेला की वर्ग टाळ्या वाजवी, आणि त्या त्यांना हव्या असत.

नायलॉनसारख्या बहुवारिकांचा धडा सीबीएसईच्या बारावीतून २०२२ मध्ये गळला. राज्य मंडळात तो आहे, पण पुष्कळ ठिकाणी चित्रफितीवरच भागवतात. बाईंना हे साफ नामंजूर आहे. पडद्यावरचा धागा कधी तुटत नाही, मग मुलांनी शिकायचे काय? बाटलीतल्या क्लोराइडचे मूळ सेबॅसिक आम्ल एरंडेलापासून बनते, हे ऐकून तरी कुणी बाटली हातात घ्यावी.

यंदा त्यांनी चिमटा एका मुलीकडे दिला. तिच्या घरी उन्हाळाभर पाटावरच्या शेवया होतात. हातमोजे, चष्मा चढवून तिने पापुद्रा उचलला, काचकांडीला लावला आणि कांडी फिरवत राहिली.

"बाई, ओढायचं नाही, गुंडाळत जायचं."

द्रावण संपेपर्यंत धागा तुटला नाही. वर्गाने टाळ्या वाजवल्या. बाईंना आधी असूया वाटली, आनंद घरी पोचल्यावर झाला.

आता चिमटा मुलांच्या टेबलावर असतो. बाई हेक्झेन ओततात आणि खिडक्या उघडतात.