लागला का?

वाळूज एमआयडीसीत शिफ्ट सुटली की बजाजनगर, रांजणगाव शेणपुंजीच्या रस्त्यांवर एकच प्रश्न कानावर पडतो : ‘लागला का?’ काय लागला, हे कुणी विचारत नाही. बऱ्याच कारखान्यांत मोबाइल गेटवर ठेवूनच आत जावं लागतं. त्यामुळे बाहेर पडल्या पडल्या बीड-परभणी-हिंगोलीकडची ही पोरं आधी घरी फोन लावतात.

या ‘लागण्या’चं मला फार अप्रूप आहे. भूक लागते, झोप लागते, ठेच लागते. जे आपल्या हातात नाही आणि तरी येऊन भिडतं, ते मराठीत लागतं. उचकीही लागते, आणि ती लागली की कुणीतरी आठवण काढतंय म्हणतात. फोन नव्हता तेव्हा निरोप असाच यायचा. मराठवाड्यात बोअरला पाणी लागल्यावर घरादाराचे चेहरे जसे उजळतात, तसा पलीकडून आईचा आवाज आला की पोराचा उजळतो. लावणं आपलं, लागणं रेंजच्या मर्जीवर.

नावाची गोष्ट मात्र वेगळी झाली. ग्रीकमध्ये ‘टेले’ म्हणजे दूर आणि ‘फोने’ म्हणजे आवाज. सावरकरांनी भाषाशुद्धीच्या चळवळीत दिलेला ‘दूरध्वनी’ त्याला तंतोतंत जुळतो. सुंदर शब्द आहे. त्याच टांकसाळीतला ‘महापौर’ रोजच्या बोलण्यात रुळला, हा मात्र लेटरहेडवरून खाली उतरला नाही. मुंबईत टेलिफोन एक्सचेंज १८८२ साली सुरू झालं होतं; पर्यायी शब्द येईपर्यंत इंग्रजी शब्द लोकांच्या तोंडात कधीच बसून गेला होता. पुढे लोकांनी त्यातला ‘टेलि’ही टाकून दिला. दूरपणा गेला, नुसता आवाज उरला : फोन. मोबाइल आला आणि नावातून तोही गेला. उरलं ते फक्त फिरणं. ‘भ्रमणध्वनी’नं फिरणं आणि आवाज दोन्ही जपलं, पण तो लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यातच राहिला.

नाम परकं राहिलं म्हणून मला खंत नाही, कारण क्रियापदं सगळी घरची आहेत. मिसकॉलसुद्धा आपण ‘मारतो’. २००३ साली येणारे कॉल फुकट झाले आणि या मारण्याला बहर आला. एक रिंग म्हणजे ‘पोचलो’, दोन म्हणजे ‘खाली ये’, आणि घरून आलेली म्हणजे ‘बॅलन्स नाही, तू लाव’. एक अक्षर न बोलता केवढा संसार चालला त्यावर!

सगळ्यांत मोलाचं मला वाटतं ते ‘ठेवणं’. काळ्या, जड फोनचा रिसीव्हर खरोखर उचलायचा आणि खरोखर ठेवायचा असे. आता ठेवायला जागाच नाही, तरी शब्द टिकला. तो टिकला याचं कारण आपल्या रीतीत असावं. घरातून निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. फोनवर ‘येतो’ म्हणता येत नाही, म्हणून परवानगी मागायची : ‘ठेवू का?’ समोरच्यानं ‘ठेव’ म्हणेपर्यंत थांबायचं. आई ‘ठिव’ म्हणते आणि त्याच दमात विचारते, ‘पाऊस हाय का तिकडं? जेवला का?’ मग पुन्हा पगाराचं, बहिणीच्या स्थळाचं, म्हशीचं. पुन्हा ‘ठेवू का?’ कंपनीची बस हॉर्न द्यायला लागली, तरी ही विचारणा चुकवणारा पोरगा मला वाळूजला क्वचितच दिसला.