परतीचं तिकीट

डोंबिवलीत दर ऑगस्टला एखाद्या तरी सोसायटीतून टपावर बॅगा बांधलेली गाडी विमानतळाकडे निघते. आजी हातावर दही घालते, शेजाऱ्यांकडून वजनकाटा आणलेला असतो, आणि २३ किलोच्या वर गेलं की भाजणी बाहेर काढायची की पुस्तक, यावर वाद होतो. (पुस्तक हरतं.) जाण्याचा सोहळा आपल्याला छान जमतो.

येण्याचा मात्र नाही. माझी मावसबहीण गेल्या वर्षी एमएस संपवून कायमची परत आली. चांगल्या मार्कांनी, स्वतःच्या मर्जीने. आठवडाभर तिला एकच प्रश्न, तोही आवाज खाली करून : "काय गं, काही झालं का तिकडे?" शिकून झालं, म्हणून आले, हे उत्तर कुणाला पटतच नव्हतं. मलाही तिच्याशी नक्की काय बोलावं ते सुचेना. अभिनंदन म्हणायचं की सांत्वन करायचं?

तेव्हापासून आनंदीबाई जोशी सारख्या डोक्यात येतायत. कल्याणच्या, म्हणजे आमच्या शेजारच्याच की! कल्याणात वाढलेली यमुना, नवव्या वर्षी पोस्टातल्या गोपाळराव जोशींशी लग्न, चौदाव्या वर्षी बाळ झालं आणि दहा दिवसांत गेलं. मग एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोट, जूनमध्ये न्यूयॉर्क, आणि तिथून फिलाडेल्फियाचं स्त्रियांचं वैद्यकीय कॉलेज. इथवरची गोष्ट श्री. ज. जोशींच्या कादंबरीमुळे आणि २०१९ च्या सिनेमामुळे सगळ्यांना तोंडपाठ आहे.

मला अडकवून ठेवलंय ते पुढच्या एका वर्षाने.

११ मार्च १८८६ ला त्यांना एम.डी. मिळाली. पदवीदानाला पंडिता रमाबाई मुद्दाम गेल्या होत्या. प्रबंध हिंदूंच्या प्राचीन प्रसूतिशास्त्रावर, म्हणजे इतक्या लांब जाऊनसुद्धा विषय घरचाच. आणि परत यायचं की नाही हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हताच. निघण्याआधी श्रीरामपूरच्या कॉलेजात केलेल्या भाषणात त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, की हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येऊन राहीन. आजच्या भाषेत, परतीचं तिकीट आधीच काढलेलं. नोकरीही ठरली होती : कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातला स्त्रियांचा विभाग.

पण तिकडची थंडी आणि न मानवणारं अन्न यांनी तब्येत पोखरली होती. क्षय. ऑक्टोबर १८८६ मध्ये गोपाळरावांबरोबर त्या परत निघाल्या, नोव्हेंबरात मुंबईला उतरल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. बाविसावा वाढदिवस महिन्यावर आला होता. कोल्हापूरला रुजू होणं झालंच नाही.

आता आमच्या धंद्यातल्या माणसाला लगेच हिशेब सुचतो. तीन वर्षांचं काम, टेस्टिंग पूर्ण, रिलीज झालं आणि वापर शून्य दिवस. हे वाक्य मी एकदा ऑफिसात चहाच्या वेळी ऐकलं, आणि बोलणारा दुष्ट नव्हता, नुसता हुशार होता. मला ते तेव्हापासून पटलेलं नाही, पण उत्तरही लगेच देता आलं नव्हतं.

उत्तराचा थोडासा धागा एका फोटोत आहे. ऑक्टोबर १८८५ चा, त्याच कॉलेजातला. तिघी बसल्यात, आपापल्या देशाच्या वेशात : साडीतल्या आनंदीबाई, जपानची केई ओकामी, सीरियाची सबात इस्लामबुली. तिघींचा कोर्स तोच, पण परतणं तीन तऱ्हेचं. ओकामी १८८९ ला डॉक्टर झाली, टोकियोच्या हॉस्पिटलात लागली, आणि सांगतात की सम्राटाने बाई म्हणून तिची भेट नाकारली तेव्हा नोकरी सोडून तिने स्वतःचा दवाखाना काढला. ती १९४१ पर्यंत जगली. इस्लामबुली १८९० ला पदवी घेऊन दमास्कसला गेली. आणि आपल्याकडच्या रखमाबाई १८९४ ला लंडनहून डॉक्टर होऊन आल्या, त्यांनी सुरत आणि राजकोटला तीन दशकांहून जास्त काम केलं.

म्हणजे घरी परतून काय करायचं हे त्यातल्या कुणालाच आयतं मिळालं नव्हतं. आनंदीबाईंना तर ते शोधायला चार महिनेसुद्धा मिळाले नाहीत. त्यांना नापास कुठल्या पेपरात करायचं? हे मी मावसबहिणीला सांगितलं तर ती म्हणाली, "दादा, मला क्षय झालेला नाही, मला फक्त ठाण्यात नोकरी हवीये." बरोबर आहे तिचं. असो, ती नोकरी तिला मिळाली, घोडबंदर रोडवर.

आनंदीबाईंचा परतीचा प्रवास मात्र पुण्यात संपला नाही. दाताच्या डॉक्टरकडे नंबर यायची वाट बघत असताना एका मासिकात गोपाळरावांचं पत्र वाचून ज्यांनी या मुलीला अमेरिकेत घरी ठेवून घेतलं, त्या न्यूजर्सीच्या कार्पेंटरबाईंकडे गोपाळरावांनी तिच्या अस्थी पाठवल्या. बाईंनी त्या न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सीला आपल्या घराण्याच्या जागेत ठेवल्या. तिथे दगड आहे. नाव, एम.डी., १८६५–१८८७, आणि शिक्षणासाठी भारत सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, अशा अर्थाची ओळ.

परत आल्याचं त्यावरही लिहिलेलं नाही.