पेटीतली गोधडी

विकत आणलेल्या वस्तूचे एक बरे असते. ती वापरावी की जपून ठेवावी, हा प्रश्न तिच्याविषयी फारसा पडत नाही. तिचे मोल दुकानातल्या चिठ्ठीवर लिहिलेले असते. ती झिजली, फाटली, फुटली, तर तशीच दुसरी आणता येते. हाताने करून दिलेली भेट मात्र घरात आली की आपल्याबरोबर एक पेच घेऊन येते. मावशीने महिनाभर डोळे ताणून क्रोशाच्या सुईने विणलेला टेबलावरचा रुमाल, आत्याने नवजात बाळासाठी धाडलेले लोकरीचे टोपडे, एखाद्या सुतार मित्राने फणसाच्या लाकडातून घडवलेला पाट. वापरावे तर झिजते, ठेवावे तर ज्यासाठी केले ते राहूनच जाते. आमच्या वसईकडच्या कितीतरी घरांत क्रोशाचे असे रुमाल वर्षानुवर्षे प्लास्टिकच्या पिशवीत पडून आहेत. सणाला ते बाहेर येतात, त्यांच्यावर पुन्हा प्लास्टिक अंथरले जाते, आणि पाहुणे गेले की पुन्हा कपाटात जातात. त्या विणीला कुणाच्या हाताचा स्पर्श म्हणून होत नाही.

हा प्रश्न मी आज हौसेने घेतलेला नाही. गेल्या पावसाळ्यात माझ्या थोरल्या बहिणीने तो माझ्यापुढे ठेवला. तिच्यापाशी आईने शिवलेली एक गोधडी आहे. ताईची मुलगी परदेशी असते. ती म्हणते, "काच लावून चौकटीत बसवू या, भिंतीवर लावू या." मुलगा म्हणतो, "आजीने पांघरण्यासाठी शिवली, पांघरायलाच दे." ताईचे वय आता पासष्टीपलीकडे गेले आहे. ती मला म्हणाली, "तू लिहितोस ना, मग सांग. माझ्यामागे हिचे काय करायचे?"

आईने आम्हां तिघा भावंडांना एकेक गोधडी दिली. ज्याच्या त्याच्या लग्नाच्या वेळी दिली. ताईची 1979 साली, दादाची 1984 साली, माझी 1992 साली. तिची रीत ठरलेली असे. भाताची कापणी-झोडणी आटोपली, वाडीतली कामे थोडी सैल झाली, की दुपारच्या वेळी ती ओटीवर जुनी लुगडी पसरी. धुऊन धुऊन मऊ झालेले सुती लुगडेच त्यासाठी हवे. नव्या कापडात सुई अडते आणि ऊबही उशिरा येते, असे ती म्हणे. एकावर एक थर अंथरायचे, सुरकुत्या काढायच्या, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवायचे, आणि मग काठापासून धावदोरा घालत आत आत जायचे. एक फेरी, तिच्या आत दुसरी, तिच्या आत तिसरी. शेवटचा टाका बरोबर मध्यावर पडे. कर्नाटकातल्या यल्लापूर-हल्याळच्या रानात राहणारे सिद्दी लोक, ज्यांच्यात आपले कॅथलिक बांधवही पुष्कळ आहेत, कवंद नावाच्या गोधड्या शिवतात. त्यांच्या बायकाही अशाच काठापासून मध्याकडे जातात, आणि चारही कोपऱ्यांवर रंगीत चिंध्यांची 'फुले' लावल्याशिवाय ती गोधडी पुरी झाली असे मानत नाहीत. आईने यल्लापूर कधी पाहिले नव्हते. पण गरज आणि जुने कापड एकत्र आले की दूरदूरच्या बायकांचे हात एकाच वाटेने चालू लागतात, असे दिसते.

तिघांच्या तीन गोधड्यांचे तीन प्रकार झाले. दादाची गोधडी वापरली गेली, आणि फार वापरली गेली. आधी ती पलंगावर होती, मग मुलांच्या खाली आली, मग उंबऱ्याशी पायपुसणे झाली आणि शेवटी तिचा एक तुकडा मोटारसायकलवर झाकण म्हणून पडलेला आईने स्वतः पाहिला. आई काही बोलली नाही. तिने फक्त विचारले, "घरात सुई आहे का रे?" माझी गोधडी दोनदा ठिगळ लावून अजून थंडीत अंगावर असते. ताईची गोधडी मात्र लग्नानंतर एकदाही पांघरली गेली नाही.

त्याला कारण आहे, आणि ते कारण लहान नाही. आमच्या पाठीवर एक भाऊ होता. 1968 सालच्या पावसाळ्यात, अकरा महिन्यांचा असताना तो काविळीने गेला. मी तेव्हा चार वर्षांचा होतो. मला त्याचा चेहरा आठवत नाही, केवळ पाळण्याची करकर आठवते. ताई नऊ वर्षांची होती. त्याला कडेवर घेऊन दिवसभर वाडीत हिंडणारी तीच. त्याच्या स्नानसंस्काराचा पांढरा झगा आईने पत्र्याच्या पेटीत, कडुनिंबाच्या पाल्यात अकरा वर्षे जपून ठेवला होता. ताईच्या लग्नाची गोधडी शिवायला घेतली तेव्हा तिने तो बाहेर काढला, कात्रीने उसवला, आणि त्याचा चौकोन गोधडीच्या अगदी मध्यावर, जिथे शेवटचा टाका पडतो तिथे बसवला. लग्नाच्या आदल्या रात्री ताईने तो चौकोन ओळखला. तिने विचारले, "आई, हा तू कापलास?" आई म्हणाली, "पेटीत किती दिवस एकटा राहील तो?"

पंचेचाळीस वर्षे ताईला ते वाक्य उलगडता आले नाही. "त्याला पांघरून मी निजू कशी?" हे तिचे म्हणणे. ते खोटे कोण म्हणेल?

जपून ठेवण्याची बाजू लंगडी नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. ज्यांनी जपले त्यांच्यामुळेच पुष्कळ काही उरले. सोळाव्या-सतराव्या शतकांत बंगालमधल्या सातगावच्या परिसरात पोर्तुगीजांसाठी मोठमोठ्या रजया भरल्या जात. पांढऱ्या सुती कापडावर पिवळसर रानरेशमाचे भरतकाम आणि त्यात शलमोनाच्या न्यायासारखे पवित्र शास्त्रातले प्रसंग. कोल्चा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या रजया लिस्बनच्या आणि लंडनच्या संग्रहालयांत आजही पाहायला मिळतात. त्या रोज पांघरल्या असत्या तर तीनचारशे वर्षांनी आपल्यापर्यंत आल्या नसत्या. परंतु त्या पाहताना मनात एक रुखरुख राहते. कापड उरले, टाका उरला. तो टाका ज्या हातांनी घातला त्यांचे नाव मात्र कुठेच उरले नाही.

याउलट, अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या जीज बेंड या खेड्याची हकीकत आहे. तिथल्या कृष्णवर्णीय शेतकरी स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या कामाच्या जुन्या कपड्यांतून गोधड्या केल्या, त्या थंडी घालवण्यासाठी. गोधड्या जीर्ण झाल्या की त्या जाळून धुराने डासही पळवत. 2002 साली ह्यूस्टनच्या आणि पुढे न्यूयॉर्कच्या संग्रहालयात त्या भिंतीवर लागल्या. 2006 साली तिथल्या टपाल खात्याने त्यांपैकी दहा गोधड्यांवर तिकिटे काढली. त्या गावच्या मिसूरी पेटवे या बाईंची हकीकत मला आईच्या जवळची वाटते. 1942 साली नवरा गेल्यावर त्यांनी त्याचे कामाचे कपडे उसवून गोधडी शिवली, त्याची आठवण म्हणून, आणि अंगावर घेण्यासाठी. या दोन गोष्टी त्यांना वेगळ्या वाटल्या नाहीत. ती गोधडी पुढे जगाने पाहिली, पण तिच्यावरचे डाग आणि झीज यांच्यासकट पाहिली.

आपल्या पवित्र शास्त्रातही हाताने शिवलेल्या वस्त्रांचे दोन प्रसंग आहेत. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात हन्ना दरवर्षी शिलोच्या मंदिरात सेवेस ठेवलेल्या आपल्या मुलासाठी एक लहानसा झगा शिवून नेते. मूल वाढते, म्हणून झगा दरवर्षी नवा. गेल्या वर्षीच्या झग्याचे काय झाले हे तिथे सांगितलेले नाही. तो आखूड झाला, एवढेच आपण समजायचे, आणि आखूड होणे हेच त्या आईचे समाधान होते. दुसरा प्रसंग प्रेषितांच्या कृत्यांत, नवव्या अध्यायात आहे. यापो नगरात टबीथा मरण पावते. तिलाच दुर्कस म्हणत. संत पेत्र येतात तेव्हा विधवा रडत रडत तिने शिवलेले अंगरखे आणि वस्त्रे त्यांना दाखवतात. मूळ ग्रीक क्रियापदाच्या रूपावरून काही अभ्यासक असे सुचवतात की त्या बायका ती वस्त्रे अंगावर घालूनच दाखवत होत्या. मला हे फार पटते. त्यांना घरी जाऊन पेटी उघडावी लागली नाही. दुर्कसच्या दातृत्वाची साक्ष त्यांच्या खांद्यांवरच होती.

शिवाय, जपून ठेवलेली वस्तू जपली जातेच असे नाही, ही गोष्ट आपण विसरतो. आमची समुद्रकाठची हवा दमट. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते आणि बुरशीचे ठिपके पडतात. खळ घातलेल्या कापडाला रुपेरी किडे लागतात. लाकडी फळीचा पिवळा डाग थेट टेकलेल्या सुती कापडावर उतरतो. डांबरगोळी कापडाला चिकटून राहिली तर तिचाही उपद्रव होतो. आणि वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिलेले कापड त्या घडीवरच चिरते. म्हणून संग्रहालयात जुनी वस्त्रे शक्यतो घडी न घालता गुंडाळून ठेवतात, मंद उजेडात काही महिने मांडतात आणि पुन्हा अंधारात विसावा देतात. भिंतीवरच्या काचेच्या चौकटीत मात्र बारा महिने उजेड लागतो. रंग उडतो तो उजेडाने, आणि उडालेला रंग परत येत नाही. ठेवायचेच असेल तर धुतलेल्या, बिनखळीच्या मलमलीत गुंडाळावे, वर्षातून एकदोनदा बाहेर काढून सावलीत वारे द्यावे, घडी बदलावी. म्हणजे ठेवणे हेही एक काम आहे. ते न करता वस्तू नुसती कपाटात टाकणे ही जपणूक नसून विसरण्याची सोय आहे. तशीच दादाच्या घरची मोटारसायकलवरची चिंधी ही वापर नव्हे. दोन्हीकडे वस्तूवरून नजर उठलेली असते.

यातून मला वाटते ते असे. करणारे हात हयात असतील तोवर भेट निःशंक वापरावी. फाटली तर ते हात शिवतील, आणि आपण दिलेले झिजते आहे हे पाहण्यात देणाऱ्याला जो आनंद असतो तो त्याच्यापासून हिरावून घेऊ नये. आई माझ्याकडे आली की माझ्या गोधडीचा विरलेला काठ बोटाने चाचपून पाही आणि हसे. ताईकडे गेली की घडी जशीच्या तशी पाहून म्हणे, "छान ठेवलीस." पण तिथे ती बोटे काठावर फिरत नसत. 2011 साली आई गेली. त्यानंतर प्रत्येक टाका मोजका झाला, हे खरे. आता वापर बेताने व्हावा, पण तो बंद होऊ नये. आणि वापरायचे तर घरातल्या कोणाला तरी सुई धरता आली पाहिजे. दुरुस्त करणारे कोणी नसेल तर वापरणे म्हणजे हळूहळू टाकून देणेच.

मग त्या पांढऱ्या चौकोनाचे काय? तो काढून वेगळा चौकटीत ठेवावा, असेही एकदा माझ्या मनात आले. पण ज्या बाईला तो झगा पेटीत ठेवण्याचा सर्वांत मोठा अधिकार होता, तिनेच तो अकरा वर्षे ठेवून पाहिला आणि नंतर स्वतःच्या हाताने कापला. ती आपल्या मुलाला विसरायला निघाली नव्हती. त्याला घरातल्या माणसांत परत आणीत होती. ज्या बहिणीने त्याला कडेवर वागवले तिच्या संसारात त्याला जागा मिळावी, हिवाळ्याच्या रात्री तो तिच्या मुलाबाळांच्या अंगावर असावा, एवढाच तिचा हिशेब असावा. तो चौकोन उसवणे म्हणजे त्याला पुन्हा एकटे करणे होय. मी ताईला इतकेच लिहून कळवले की, ती कोणाच्या नावे करू नकोस. घरात ज्याला थंडी वाजेल, ज्याला ताप भरेल, जे मूल नवे येईल, त्याची ती. आणि जो पांघरील त्याने फाटलेले शिवावे, एवढी अट घाल.

ताईने होय किंवा नाही काहीच कळवले नाही. मृतांच्या दिवशी, 2 नोव्हेंबरला, स्मशानभूमीतून परतताना मी तिच्याकडे गेलो. गोधडी पलंगावर पसरलेली होती. पंचेचाळीस वर्षांच्या घडीवर तपकिरी रेघ पडली होती आणि त्या रेघेवर कापड दोन ठिकाणी चिरले होते. पांढरा चौकोन शाबूत होता. ताईने चष्मा कपाळावर चढवला होता, आणि शेजारी बसलेली तिची नात उजेडाकडे धरून सुईत दोरा ओवत होती.