गडांच्या वाटेवरचं घर

भाड्याचं घर बघायला गेलं की आपण बायका आधी नळ सोडून बघतो. मग ओट्यावर उजेड किती, कपडे वाळत घालायला जागा आहे का, शेजार कसा, शाळा किती लांब, रात्री-अपरात्री डॉक्टर मिळेल का... ही यादी तुम्हालाही पाठ असेल. गेल्या वर्षी आम्ही घर शोधायला निघालो तेव्हा माझ्या यादीत आणखी एक प्रश्न होता. "इथून गडाचा पायथा किती लांब?" तो ऐकून सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "अगं, डोंगर काय पळून जातायत का?"

डोंगर पळून जात नाहीत हे खरंच, पण आपली वर्षं जातात. मला कॉलेजपासून गड चढायचं वेड आहे. लग्नानंतर नगरला आले नि ते वेड माळ्यावर गेलं. (शहराचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं, पण तोंडात अजून नगरच येतं.) नगरला किल्ला आहे, तोही मोठा नामांकित. पंडित नेहरूंनी १९४२ ते १९४५ या बंदिवासात आपला भारतावरचा ग्रंथ तिथेच लिहिला. पण तो भुईकोट! खंदक ओलांडला की आत. चढायची हौस भागवायला आम्ही चांदबिबीच्या महालाच्या डोंगरावर जायचो. (ती खरी सलाबतखानाची कबर, पण नाव चांदबिबीचंच पडलंय.) तिथे तर गाडी थेट वरपर्यंत जाते.

आमचा जिल्हा क्षेत्रफळानं राज्यात सगळ्यात मोठा. पूर्वेकडे पाण्यासाठी डोळे आभाळाला लागलेले, आणि पश्चिमेच्या टोकाला अकोले तालुक्यात सह्याद्रीची ऐन धार. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड, पट्टागड सगळे तिथेच. नगरहून कळसूबाईच्या पायथ्याचं बारी गाव दीडशेएक किलोमीटर पडतं, म्हणजे जायचं तर मुक्कामीच. पुरुष मुक्कामी जातात तेव्हा सॅक उचलतात नि निघतात. बाई मुक्कामी निघाली तर दोन दिवसांच्या भाज्या निवडून ठेवायच्या, सासूबाईंच्या गोळ्या डबीत लावायच्या, लेकीचा गृहपाठ उरकून घ्यायचा आणि दूधवाल्याला निरोप द्यायचा. एवढं करून निघेपर्यंत अर्धा गड घरीच चढून होतो! नगरच्या दहा वर्षांत मी तीन वेळा गेले.

मग ह्यांची बदली झाली. नोकरी फिरतीची, संगमनेर आणि अकोले हे दोन तालुके त्यांच्याकडे आले. राहायचं कुठे ते आम्हीच ठरवायचं होतं. हे म्हणाले, "संगमनेर. त्यात विचार कसला?" मी म्हटलं, "अहो, आधी सगळं बघू तर खरं."

माझं मन पहिल्यांदा धावलं ते भंडारदऱ्याला, धरणाशेजारच्या शेंडी गावात. १९२६ साली पुरं झालेलं ते दगडी धरण, समोर पाणी, पलीकडे रतनगड. मे महिन्याच्या अखेरीस तिथे झाडंच्या झाडं काजव्यांनी लखलखतात. अशा वेळी घर बघायला गेलं तर कुणीही हो म्हणेल. म्हणून आम्ही मुद्दाम जुलैत गेलो आणि ओळखीच्यांकडे तीन दिवस राहिलो. मैत्रिणींनो, गाव बघायचं तर त्याच्या वाईट महिन्यात बघावं. तिथून पुढचं घाटघर म्हणजे जिल्ह्याची चेरापुंजी. धुतलेलं लुगडं तीन दिवसांत वाळलं नाही. आगपेटीची काडी ओढली की गुलच गळून पडे. मीठ तर बरणीतून चमच्यानं खरवडून काढायचं. सासूबाईंना दमा आहे. दुसऱ्या रात्री त्या उशीला टेकून बसूनच राहिल्या, तेव्हा मी तो विषय मनातून काढून टाकला. शिवाय भर पावसात हे गड काही कामाचे नाहीत. धुकं एवढं की पुढची पायरी दिसत नाही, आणि शिड्या शेवाळलेल्या. पायथ्याला राहून चार महिने खिडकीतून नुसतं ढगांकडे बघत बसायचं!

राजूर मला आवडलं होतं. पेढा तर असा की नाव घेतलं तरी तोंडाला पाणी सुटावं, आणि डोंगराचा बाजार भरतो त्यातल्या ताज्या रानभाज्या! पण पाऊस तिथेही बराच, आणि माझ्या शिकवण्याचं तिथे जमत नव्हतं. मी तासिका तत्त्वावर इतिहास शिकवते. पगार म्हणावा असा नाही, पण तो माझ्या हातात येतो, आणि गडाचं पेट्रोल त्यातूनच निघतं. ते सोडून गड चढायचे म्हणजे दर वेळी ह्यांच्याकडे हात पसरायचा. ते मला नको होतं.

राहिली दोन गावं. संगमनेरला बाजारपेठ मोठी, दवाखाने भरपूर, पुणे-नाशिक रस्ता दाराशी. जवळ पेमगिरीचा किल्ला आहे, जिथे शहाजीराजांनी निजामशाहीचा बालवारस गादीवर बसवून कारभार हाती घेतला होता. इतिहासाच्या बाईला तेवढंही पुरावं! पण रतनगड-कळसूबाईच्या वाटेवर अकोले पंचवीसेक किलोमीटर पुढे. पाऊण तास जाताना, पाऊण तास येताना. हे म्हणाले, "एवढ्याशा पाऊण तासानं काय होतं?" मी कागदच पुढे ठेवला. अकोल्याहून पहाटे पाचला निघालं तर सव्वासहाला बारी. तीन तास वर, अर्धा तास देवीपाशी, दोन-अडीच तास खाली. दीड-दोनपर्यंत घरी, म्हणजे दुपारचा चहा माझ्याच हातचा. संगमनेरहून तेच करायचं तर साडेतीनला उठायचं आणि आल्यावर अंगात त्राण नाही. असा रविवार बाई वर्षातून दोनदा काढते. अकोल्याचा रविवार महिन्यातून एकदा निघतो. घर जवळ घ्यायचं ते एवढ्यासाठीच.

दम्याचा विचार मात्र मला झोपू देत नव्हता. रात्री मोठ्या दवाखान्यात जायचं तर अकोल्याहून संगमनेर गाठावं लागणार. माझ्या हौसेपायी सासूबाईंना ते भोगायला लावायचं का? ह्यांनी संगमनेरच्या डॉक्टरांनाच विचारलं. त्यांनी घरात वाफेचं यंत्र ठेवायला सांगितलं, औषध लिहून दिलं, नि मुख्य म्हणजे ओल नसलेलं घर बघा म्हणाले. म्हणून अकोल्यात घर घेतलं ते दुसऱ्या मजल्यावर, भिंतींना हात लावून लावून. घरात फारच लहान मूल असतं किंवा सासूबाईंचा आजार याहून जास्त असता, तर मी संगमनेरच घेतलं असतं, आणि खळखळ केली नसती.

शेवटी हो म्हणाल्या त्या सासूबाईच. त्यांचं कारण वेगळंच होतं. "अकोल्याला अगस्ती ऋषींचं देऊळ आहे ना? मग मला चालेल."

आता वर्ष झालं. पट्टागड चढायला सोपा, लेकीचा पहिला गड तोच. जालन्याच्या स्वारीनंतर १६७९ मध्ये शिवाजीमहाराज तिथे विसाव्याला थांबले, म्हणून त्याला विश्रामगड म्हणतात. हरिश्चंद्रगडाला पाचनईच्या बाजूनं गेलो. ती वाट त्यातल्या त्यात बेताची. केदारेश्वराच्या गुहेतलं पाणी भर उन्हाळ्यातही असं गार, की लेक पाय घालून लगेच ओरडलीच. कळसूबाई सप्टेंबरअखेरीस केली. १६४६ मीटर, राज्यात याहून उंच काही नाही. वाटेवर सोनकीची पिवळी फुलं पसरलेली, आणि शिडीवर माझ्या पुढे नऊवारीतल्या दोन आजी अनवाणी चढत होत्या, त्याही गप्पा मारत! माझ्या बुटांची मलाच लाज वाटली.

रतनगडाला सासूबाईही आल्या होत्या. गडावर नव्हे, पायथ्याच्या रतनवाडीपर्यंत. तिथलं अमृतेश्वराचं देऊळ म्हणजे दगडातली वेलबुट्टी. आम्ही वरच्या नेढ्यात वारा खात बसलो तेव्हा त्या देवळाच्या सावलीत गावच्या बायकांशी भाताच्या आवणीचं बोलत बसल्या होत्या. खाली आलो तर त्यांनी डबा उघडून निम्मी थालीपीठं वाटूनही टाकलेली. म्हणाल्या, "पुढच्या वेळी जास्त कर. आणि मला त्या पट्टागडाच्या पायथ्याशी नेशील का गं? तिथे काय आहे बसायला?"